तारा तुटला, पण एकही उणा नाही

(शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता १४७:३, ४, यिर्मया १०:२, लूक १३:१–५)



खळ्यावर राखणीस निजलेला मनुष्य, रात्रीच्या पाळीने शेतास पाणी देणारा शेतकरी, ऊसतोडीच्या गाडीवर पहाटे बसलेली कुटुंबे, यांजइतके आकाश शहरातील पंडितास क्वचितच पाहावयास मिळते. अशा माणसांच्या डोळ्यांदेखत एखाद्या रात्री अकस्मात सर्व शिवार उजळते. झाडांच्या सावल्या जमिनीवरून पळतात, एक हिरवट-पांढरा गोळा आकाश चिरीत जातो, आणि पाहता पाहता पुन्हा काळोख होतो. कुत्री भुंकू लागतात. मग अंगणाअंगणातून एकच वाक्य ऐकू येते, "तारा तुटला!" आणि त्याच्या मागोमाग, आवाज हलका करून, दुसरे वाक्य येते, "कोणाचा बरे?"

या दुसऱ्या वाक्याविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे. पहिल्या वाक्यात चूक आहे, पण ती निरुपद्रवी. दुसऱ्या वाक्याने कित्येक घरांत माणसांचे जिणे नकोसे करून सोडिले आहे.

प्रथम पहिल्याचा विचार करू. जो तुटला तो तारा नव्हेच. आपला सूर्य हा एक तारा आहे, आणि आपल्या पृथ्वीएवढ्या १०९ पृथ्व्या एका ओळीत मांडाव्या तेव्हा कोठे त्याची रुंदी भरते. त्याखेरीज जो जवळात जवळचा तारा, त्याचा उजेड आपणांपर्यंत पोहोचावयास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. असला एखादा तारा खरोखर आपल्या गावावर उतरता, तर तो कोणाचा हे विचारावयास कोणी उरला नसता. रात्री जे चमकून जाते ते बहुधा वाळूच्या कणाएवढे किंवा ज्वारीच्या दाण्याएवढे असते. अगदी झगझगीत अग्निगोल असला तर लिंबाएवढा अथवा त्याहून मोठा दगड. इतक्या लहान वस्तूने एवढा प्रकाश कसा पाडावा? तिच्या वेगामुळे. उल्का म्हणजे हा तुटणारा तारा, दर सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर या वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरते. पुण्याहून अहिल्यानगरास जावयास मोटारीला अडीच-तीन तास लागतात. वेगवान उल्का तेवढी मजल दोन सेकंदांत मारील. अशा वेगापुढे हवा बाजूस सरण्यास अवकाश मिळत नाही. ती कणापुढे दाबली जाऊन तापते, आणि तो कण ८०–१०० किलोमीटर उंचीवरच जळून वाफ होतो. आपण पाहतो ती त्याची शेवटची एक-दोन सेकंदे.

हे कण येतात कोठून? शेंडेनक्षत्र, ज्यास धूमकेतू म्हणतात, ते सूर्याजवळून जाताना उष्णतेने आपल्या अंगची धूळ मागे टाकीत जाते. कडब्याने भरलेली गाडी गेली म्हणजे वाटेवर काड्या पडून राहतात, तसेच हे. पृथ्वी आपल्या वार्षिक फेरीत ती वाट ओलांडते, म्हणून ठराविक तारखांस उल्का पुष्कळ दिसतात. मोठे अग्निगोल बहुधा सूर्याभोवती फिरणाऱ्या खडकाळ गोलांचे सुटलेले तुकडे असतात. परंतु कोणत्याही काळोख्या रात्री तासभर आकाशाकडे पाहत राहावे, दोन-चार उल्का तरी दिसल्यावाचून राहत नाहीत. म्हणजे जे अपूर्व वाटते ते प्रत्यही चालले आहे; आपण तेव्हा झोपेत असतो, एवढेच.

आता यशया संदेष्ट्याचे चाळिसावे प्रकरण काढून २६ वे वचन वाचावे. डोळे वर करून पाहा, असे तो बाबेलात धरून नेलेल्या, मन खचलेल्या लोकांस सांगतो. जो या ताऱ्यांच्या सैन्यास मोजून बाहेर काढतो आणि एकेकास नावाने बोलावितो, त्याच्या सामर्थ्यामुळे त्यांतला एकही हजेरीस चुकत नाही, असा त्याचा भावार्थ आहे. संदेष्ट्यानेही उल्का पाहिल्याच असतील. त्या काळी काळोख आजच्याहून गडद होता. तरी त्याने असे लिहिले. आणि जेव्हा कधी कोणी उल्का गेल्यावर नेहमीच्या नक्षत्रांकडे पाहिले, तेव्हा सप्तर्षी सातच्या सात, कृत्तिकांचा झुबका होता तेथे, मृगाचा बाण होता तसा, हेच दृष्टीस पडले. अंगणातील म्हातारा म्हणतो की तारा तुटला. आकाश म्हणते की मोजून घे.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू.

एक सून आम्ही मनात आणतो. तिचे नाव आम्ही ठेवीत नाही, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या ओळखीत ती आहे. लग्न होऊन तीन महिने झाले नाहीत. एके रात्री घरच्यांनी अंगणातून मोठा अग्निगोल पाहिला. सासूने डोळे मिटले, आणि कोणी काही बोलले नाही. आठवडा गेला आणि तिचा नवरा, चांगला कमावता गडी, विहिरीवरील मोटारीची तार जोडताना विजेच्या धक्क्याने मेला. तार जुनी होती, तिचे वेष्टण निघालेले होते, ही गोष्ट कोणी बोलून दाखविली नाही. ती सर्वांस ठाऊकच होती. बोलली गेली ती ताऱ्याची गोष्ट. मग ताऱ्यावरून सुनेवर. "पांढऱ्या पायाची आली." ज्या घरात संध्याकाळी उपासना होते, स्तोत्रे गाइली जातात, त्या घरातही हे शब्द उच्चारले जातात, आणि जेथे उच्चारले जात नाहीत तेथे ते ताटावर वाढले जातात. तिला वाढण्यास उशीर होतो, तिच्या हातचे पाणी कोणी मागत नाही. बारशाच्या घरी तिला बोलावणे येत नाही.

आमच्या मंडळ्यांत अजून हे आहे काय, असे कोणी विचारील. बाप्तिस्मा घेतला म्हणजे आजीचे सगळे शब्द एका दिवसात जात नाहीत. ते पाण्याखाली जातात, आणि दुःखाची वेळ आली की वर येतात.

याविषयी प्रथम साध्या बुद्धीने विचार करावा. ८०–१०० किलोमीटर उंचीवर जळणारी उल्का एका गावास दिसत नाही. ती बीडास दिसते, जालन्यास दिसते, सोलापुरास दिसते. सभोवार शेकडो किलोमीटरांत जो कोणी त्या वेळी जागा असून वर पाहत असेल त्यास ती दिसते. प्रत्येक गावचा मनुष्य म्हणतो की ती आमच्या टेकडीमागे पडली. टेकडीमागे मात्र काही नसते, कारण ती तीन जिल्ह्यांपलीकडे जळून गेलेली असते. एवढ्या मुलखात हजारो गावे आहेत, आणि अशी एकही रात्र जात नाही की ज्या रात्री त्यांतील कित्येक घरांतून प्रेत उठत नाही. तारा दिसला नाही त्या रात्रीही माणसे मेली. तारा दिसला आणि घरचे सर्व सुखरूप राहिले, अशा रात्री तर अगणित. पण त्या कोणी ध्यानात ठेवीत नाही. मृत्यूशी तारा जोडणारे स्मरण आपले असते, आकाश त्यात काही करीत नाही.

आता प्रभूने काय सांगितले ते पाहावे. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. लोक आपसात बोलतच असतील की त्यांचे काहीतरी मोठे पाप असावे. प्रभूने तो विषय स्वतः काढिला. यरुशलेमातील इतर रहिवाशांपेक्षा ते अधिक अपराधी होते काय, असे विचारून त्याने स्वच्छ नकार दिला. वरून काही कोसळले म्हणजे खाली सापडलेल्याकडे बोट करावयाचे, ही मनुष्याची खोड फार जुनी आहे, आणि प्रभूने ते बोट धरून विचारणाऱ्याकडेच वळविले. त्या सुनेच्या घरी हा भाग वाचणे हे उपदेशकाचे कर्तव्य आहे. तो तिच्या सासूसमोर, सर्वांच्या देखत वाचावा, आणि वाचून झाल्यावर तिच्याच हातचे पाणी मागून प्यावे. पुष्कळ व्याख्यानांनी जे साधत नाही ते एका पेल्याने साधते.

जुनी भीती अशी आहे. परंतु उपदेशक बंधूंनो, एक नवी भीतीही आहे, आणि ती आपणच गावात नेतो, म्हणून तिच्याविषयी अधिक कडक बोलणे आम्हांस भाग आहे. मोठी उल्का दिसली की दुसऱ्या दिवशी कोणी मत्तयाचे चोविसावे प्रकरण काढितो, कोणी प्रकटीकरणाचे सहावे, आणि शेवट आला, असा गजर होतो. आता तर हातोहाती मोबाइल असल्याने तो गजर एका रात्रीत दहा गावे फिरतो. लोक घाबरून प्रार्थनामंदिरात येतात, आणि काही उपदेशकांस हे फळ वाटते.

१८३३ सालच्या नोव्हेंबरच्या १३ तारखेची पहाट या संबंधाने आठवण्याजोगी आहे. त्या पहाटे अमेरिकेतील लोकांनी आकाशातून उल्कांचा असा पाऊस पाहिला की तासाला हजारोंनी त्या पडत होत्या. घराघरांतून माणसे बाहेर धावली, गुडघ्यांवर पडली. न्यायाचा दिवस उगवला असे पुष्कळांस वाटले. पुढे कित्येक वर्षे उपदेशक प्रकटीकरणातील वाऱ्याने हलविलेल्या अंजिराच्या झाडाचा दाखला त्या पहाटेस लावीत. त्याच वेळी डेनिसन ओल्मस्टेड नावाच्या येल येथील अध्यापकाने दुसरेच केले. त्याने वर्तमानपत्रांतून लोकांस विनंती केली की कोणी काय पाहिले ते कळवावे. पत्रे आली, त्यांचा मेळ घातला, तेव्हा कळले की सर्व उल्का सिंह राशीतील एकाच ठिकाणाहून निघताना दिसत होत्या, आणि त्यांचे मूळ हवेच्या वर, पृथ्वीबाहेर होते. नंतर जुन्या नोंदी काढून पाहता असे दिसले की हा वर्षाव सुमारे ३३ वर्षांनी परत येतो. १७९९ साली तो आला होता. म्हणून १८६६ साली पुन्हा येईल असे आगाऊ सांगण्यात आले, आणि त्या वर्षी नोव्हेंबरात तो युरोपात आला. १८९९ साली लोक रात्रभर वाट पाहत बसले, तेव्हा तो नावापुरताच आला. १९६६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात पुन्हा पावसासारखा पडला. ज्या गोष्टीची वाट पंचांगात पाहता येते ती न्यायाच्या दिवसाची खूण कशी होईल? तो दिवस व ती घटिका कोणासही ठाऊक नाही, असे प्रभूनेच त्याच चोविसाव्या प्रकरणात सांगितले आहे. भीतीने जो मंदिरात आला तो तारे जागच्या जागी आहेत असे पाहून घरी जातो, आणि पुढल्या खेपेस उपदेशकाचे खरे बोलणेही त्यास खोटे वाटते.

तथापि त्या १८३३च्या पहाटेची एक साक्ष आम्हांस फार मोलाची वाटते. मेरीलँड प्रांतात फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलाम मुलगा होता, वय पंधरा-सोळा. त्यानेही तो वर्षाव पाहिला. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तो सांगतो की हा मनुष्याच्या पुत्राच्या येण्याचा आरंभ असावा असे आपणांस वाटले. आणि तसे असल्यास, आपला मित्र व सोडविणारा म्हणून त्याचे स्वागत करावयास आपण सिद्ध होतो. त्याचा तर्क चुकला. त्या पहाटे आकाशातून सोडविणारा उतरला नाही. १८३८ साली तो स्वतःच गुलामगिरीतून निसटला. परंतु तर्क चुकला तरी मन चुकले नव्हते. ज्या रात्री चाबूक धरणारे व चाबूक खाणारे दोघेही त्याच आकाशाखाली थरथरत होते, त्या रात्री त्या मुलास ख्रिस्ताचे भय वाटले नाही, कारण ख्रिस्त आपल्या बाजूचा आहे हे त्यास पटलेले होते. आमच्या खेड्यांतील ज्या लोकांचे पूर्वज शतकानुशतके गावकुसाबाहेर राहिले, त्यांस येणाऱ्या प्रभूचा बागुलबुवा करून दाखविणे आम्हांस योग्य वाटत नाही. तो त्यांच्यासाठी येत आहे.

येथे कोणी म्हणेल की विद्वानांचेच सर्व खरे आणि खेडुतांचे सर्व खोटे, असे तुम्ही सांगत आहां. तसे मुळीच नाही. आकाशातून दगड पडतात हे खेडूत फार पूर्वीपासून सांगत आले, आणि विद्वान त्यांस हसत होते. पॅरिस येथील विद्वत्सभेच्या रसायनशास्त्र्यांनी असा एक दगड तपासून, तो वरून पडलेला नव्हे, जमिनीवरच विजेने भाजलेला आहे, असा निकाल दिला होता. १७९८ सालच्या डिसेंबरात आपल्याच देशात, काशीजवळच्या एका खेड्यात, रात्री मोठा उजेड होऊन दगड पडले. तेथील लोकांनी जे पाहिले ते सांगितले, दगड दाखविले. ते विलायतेस गेले. १८०२ साली त्यांची इतर देशांतील तशाच दगडांशी तुलना झाली, आणि सर्वांत निकेल मिळालेले लोखंड आढळले. पुढल्या वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्सातील लेगल गावी हजारो दगडांचा पाऊस पडला. बियो नावाचा विद्वान मुद्दाम तेथे गेला आणि गावोगाव फिरून शेतकरी, बायका, पाद्री यांच्या जबान्या घेतल्या. सर्वांच्या साक्षी जुळल्या, तेव्हा पंडितांनी मान लविली.

म्हणून खेडुताच्या डोळ्यांवर आमचा पूर्ण भरवसा आहे. मेंढपाळांनी बेथलेहेमात जाऊन आपण पाहिले व ऐकले तेच सांगितले, आणि ते शुभवर्तमानात नोंदले गेले. साक्षीदाराने पाहिले ते सांगावे, किती वाजता, कोणत्या दिशेस, किती वेळ. त्याच्या पुढे "म्हणून अमका मरणार" हे त्याने पाहिलेले नसते. ते तो पदरचे घालतो. पदरचे घालणारा साक्षीदार कचेरीत टिकत नाही, आणि मंडळीतही टिकू नये.

शिवाय पाहिलेल्या गोष्टीचे कारण निराळेच निघू शकते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रातील पुष्कळ जिल्ह्यांत लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे दहा फूट रुंदीचे धातूचे कडे पडलेले सापडले. ती उल्का नव्हती. चीन देशाने सोडलेल्या अग्निबाणाचा परत कोसळलेला भाग तो असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. नव्या वर्षाच्या पहिल्याच संध्याकाळी हे घडले, तेव्हा त्यावरून किती भाकिते करिता आली असती! देवाच्या कृपेने कोणास इजा झाली नाही, आणि ते कडे पोलिसांनी नेले.

इजा होतच नाही असेही नव्हे, आणि ते लपविणे बरे नव्हे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची ती खोल वाटी काळ्या खडकात एका मोठ्या अशनीच्या आघाताने झालेली आहे. ते घडले तेव्हापासून लाखो वर्षे लोटली असावीत. पण १५ फेब्रुवारी २०१३ ही तारीख आपल्या डोळ्यांदेखतची आहे. त्या दिवशी सकाळी रशिया देशातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर रुंदीचा दगड वातावरणात शिरून फुटला. क्षणभर सूर्याहून प्रखर उजेड पडला. लोक काय झाले ते पाहावयास खिडक्यांशी धावले. उजेड लगेच येतो, आवाज मागाहून येतो. दोन-अडीच मिनिटांनी हवेचा धक्का आला तेव्हा शहरभर खिडक्यांच्या काचा फुटल्या, आणि सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. दगडाने लागलेले त्यांत जवळजवळ कोणी नव्हते. बहुतेक सारे काचांनी जखमी झाले.

त्या शहरात एक शिक्षिका चवथीच्या वर्गावर होती. वर्गात ४४ मुले. उजेड तिनेही पाहिला. तो कशाचा हे तिला कळले नाही; त्या वेळी शहरात कोणासच कळले नव्हते. ती खिडकीशी गेली नाही. तिने मुलांस बाकांखाली बसावयास सांगितले. मुलांस तो काय खेळ आहे ते समजले नसेल, पण ती बसली. ती स्वतः मात्र उभी राहिली. धक्का आला, काचा आत उडाल्या, तिच्या हाताची शीर तुटली, मांडी कापली गेली. ४४ मुलांपैकी एकासही ओरखडा आला नाही.

वाचकहो, या बाईकडे आम्हांस पुनःपुन्हा पाहावेसे वाटते. आकाशात काही भयंकर दिसले असता मनुष्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक, याचा अर्थ काय? दुसरा, माझी माणसे कोठे आहेत? शहरातील बहुतेक लोकांनी पहिला प्रश्न विचारला आणि ते काचेजवळ गेले. तिने दुसरा विचारला. मत्तयाच्या चोविसाव्या प्रकरणात तारे पडतात आणि पंचविसाव्यात प्रभू दिवे, रुपये, भाकर, पाणी, वस्त्र, आजाऱ्याची भेट यांविषयी बोलू लागतो, याचा मेळ पुष्कळांस लागत नाही. आम्हांस वाटते की तो या शाळेत लागतो. चोविसावे वाचून जो खिडकीशी जातो त्याने पंचविसावे वाचलेलेच नाही.

आता आरंभीचे स्तोत्र. १४७ व्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात देव भग्नहृदयी लोकांस बरे करितो आणि त्यांच्या जखमा बांधतो असे आहे. लगेच चवथ्यात तो ताऱ्यांची गणती करितो व त्या सर्वांस नावे देतो असे आहे. ही दोन वचने शेजारी कां ठेविली असावीत? आम्ही एकदा एका वृद्ध बायबलबाईस हे विचारले. ती म्हणाली, "अहो, ज्या बाईला घरात पोरे पुष्कळ, ती एकाच्या पायात काटा काढता काढता बाकीच्यांची मोजदाद करतेच की." यावर भाष्यकारांची पाने आम्ही पाहिली, पण तिच्या उत्तरात भर घालण्यासारखे आम्हांस काही सापडले नाही. जखम बांधणारा हात व तारे मोजणारा हात एकच आहे. ज्या सुनेस लोक पांढऱ्या पायाची म्हणतात, तिच्या नवऱ्याचा तारा तुटला असे सांगतात, तिला हे सांगावे की त्याचे नाव त्या गणतीतून गेलेले नाही. अब्राहामास तंबूबाहेर नेऊन ज्याने तारे दाखविले, तो आपणांस मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव म्हणवितो. अब्राहाम त्यास जिवंतच आहे.

एक शंका राहते, ती थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मागी लोकांस तर ताऱ्याने वाट दाखविली, मग आकाशातील खुणा व्यर्थ कशा? बंधूंनो, त्या ताऱ्याने त्यांस यरुशलेमापर्यंत आणिले. तेथून बेथलेहेम कोणते हे त्यांस मीखा संदेष्ट्याच्या लेखातून कळावे लागले. त्या ताऱ्याने कोणाच्या मरणाची वार्ता दिली नाही. त्यास भ्याला तो हेरोद, आणि भिऊन त्याने काय केले ते आपणांस ठाऊक आहे. यिर्मयाने राष्ट्रे आकाशातील चिन्हांस भितात म्हणून तुम्ही भिऊ नका असे सांगितले; पाहू नका असे सांगितले नाही.

म्हणून पाहावे, आणि घरच्यांस दाखवावे, असे आमचे सांगणे आहे. दर वर्षी डिसेंबर महिन्याच्या १३ व १४ तारखांच्या सुमारास मिथुन राशीच्या बाजूने उल्का येतात. त्या फेथॉन नावाच्या, १९८३ साली सापडलेल्या एका लहान खडकाळ गोलाच्या धुळीच्या आहेत. त्यांचा वेग मध्यम, सेकंदास सुमारे ३५ किलोमीटर, म्हणून त्या डोळ्यांस चांगल्या सापडतात. चंद्र नसला आणि आकाश काळोखे असले तर तासाला पन्नास-साठ, कधी त्याहूनही अधिक दिसतात. दुर्बीण लागत नाही. खळ्यावर किंवा धाब्यावर घोंगड्या पसराव्या, बत्ती विझवावी, मोबाइल उपडे ठेवावे, आणि अर्धा तास डोळ्यांस काळोखाची सवय होऊ द्यावी. रात्री आठ-नऊच्या पुढे पूर्वेस मृग वर आलेला असतो. त्याच्या डाव्या हातास पुनर्वसूचे दोन तारे. तिकडे तोंड करून निजावे. थंडीचे दिवस आहेत, तेव्हा म्हाताऱ्या माणसांस कानटोपी व शेकोटीची ऊब आधीच द्यावी. शेकोटीचा उजेड मात्र मागे असावा.

घरात विधवा सून असेल तर तिला स्वयंपाकघरात ठेवू नये. तिला मुलांच्या मध्ये घोंगडीवर बसवावे आणि मोजण्याचे काम तिच्याकडे द्यावे. खडे घ्यावे, एक उल्का दिसली की एक खडा पदरात. मुले ओरडतील, भांडतील, "ती मी आधी पाहिली" म्हणतील, ओरडू द्यावे. सासूबाईंस झोप येत नसेल तर त्यांसही जवळ बोलवावे. मध्यरात्र टळली म्हणजे पदरातले खडे मोजावे, साठ, सत्तर, जे भरतील ते. मग मुलांस वर मृगातल्या तीन ताऱ्यांचा बाण दाखवावा, कृत्तिकांचा झुबका दाखवावा, आणि विचारावे की एवढे तुटले, आता यांतले कोणते उणे झाले ते सांगा.